स्वतंत्र घड्याळकाराचं पहिलं घड्याळ घेताना: आधी दुरुस्ती, शेवटी खरेदी

मला फोन साधारण असाच येतो. "भाऊ, घड्याळ मुंबईला कस्टममध्ये पडलंय, कुरिअरवाला कागद मागतोय, आते काय करू?" किंवा, "दिवसाला चार मिनिटं मागे पडतंय, जळगावात कुणी हात लावायला तयार नाही." आणि सगळ्यात वाईट फोन: "इथल्या एकाने उघडलं, आता चालतच नाही."

तिन्ही फोनांचं मूळ एकच. माणसाने आधी फोटो बघून घड्याळ ठरवलं, मग पैसे जमवले, मग कागदांच्या मागे लागला आणि दुरुस्तीचा विचार घड्याळ बंद पडल्यावर केला. हा क्रम बरोबर उलटा पाहिजे. आधी दुरुस्ती, मग मनगट, मग पूर्ण हिशोब, मग कागद, मग पैसे. घड्याळ सगळ्यात शेवटी. खाली त्याच क्रमाने लिहिलंय. जळगाव, धुळे, नंदुरबारमध्ये बसून घड्याळ मागवणाऱ्या माणसासाठी लिहिलंय, त्यामुळे मुंबईकराला काही गोष्टी जास्तीच्या वाटतील.

स्वतंत्र घड्याळकार म्हणजे मोठ्या समूहाच्या मालकीचा नसलेला, स्वतःच्या नावावर किंवा छोट्या कारखान्यात चावीची आणि ऑटोमॅटिक घड्याळं बनवणारा. त्यात लाखाच्या आतलेही आहेत आणि शेताचा तुकडा विकावा लागेल असेही आहेत.

टप्पा 1: हे उघडणार कोण?

घड्याळाच्या आतल्या यंत्राला आपल्याकडचे घड्याळजी "मशीन" म्हणतात. खरेदीपूर्वी विचारायचा पहिला प्रश्न डायलच्या रंगाचा नाही. मशीन कुणाचं, हा आहे. त्या उत्तरावरून तीन वर्ग पडतात.

पहिल्या वर्गात मशीन बाहेरून विकत घेतलेलं असतं: स्वित्झर्लंडचं सेलिटा एसडब्ल्यू 200, जपानचं मियोटा 9000 मालिकेतलं, सेइकोचं एनएच 35. फ्रान्सचं बाल्टिक मियोटाची मशीनं वापरतं, इंग्लंडचं ख्रिस्तोफर वॉर्ड बहुतांशी सेलिटाची. यांचे सुटे भाग मिळतात, आणि मुंबई-पुण्यातल्या चांगल्या घड्याळजीच्या हातून अशी मशीनं कित्येकदा गेलेली असतात. बनवणारा उद्या दुकान बंद करून बसला तरी तुमचं घड्याळ चालू राहील.

दुसऱ्या वर्गात ओळखीच्या रचनेवर स्वतःचं काम केलेलं असतं. ऑस्ट्रियातल्या हाब्रिंग या जोडप्याचं ए 11 मशीन व्हाल्जू 7750 या ओळखीच्या स्विस मशीनच्या रचनेतून आलेलं आहे. जाणकार माणूस ते समजू शकतो, पण काही भाग फक्त त्यांच्याकडेच मिळणार.

तिसऱ्या वर्गात आयल ऑफ मॅनचे रॉजर स्मिथ, स्वित्झर्लंडमध्ये काम करणारे फिनलंडचे कारी वूतिलाइनेन अशी मंडळी येतात. त्यांच्या घड्याळाचे भाग त्यांच्याच कार्यशाळेत बनतात, दुरुस्तीही तिथेच. म्हणजे दर काही वर्षांनी तुमचं घड्याळ विमानाने जाणार आणि येणार. हे पटत असेल, परवडत असेल, तरच त्या वाटेला जा. पहिलं घड्याळ तिसऱ्या वर्गातलं घेऊ नये, पैसे असले तरी. माझं हे मत काही मित्रांना आवडत नाही. पण ज्याने एकही घड्याळ सर्व्हिसिंगला पाठवून परत आणलेलं नाही, त्याने सुरुवातच विमानाने का करावी?

आता घड्याळजी शोधा. खान्देशात घरोघरी एक तरी जुनं एचएमटी सापडतं, वडिलांना लग्नात मिळालेलं. चावीचं जनता असेल तर उत्तम, 17 ज्वेलचं साधं मशीन. ते घड्याळजीच्या परीक्षेला वापरा. पूर्ण सर्व्हिसिंगला द्या आणि देताना चार गोष्टी विचारा: टायमिंग मशीन (घड्याळाची चाल मोजणारं यंत्र) आहे का? भाग कशाने धुता? तेल कोणतं? पाण्याची चाचणी कशावर करता? "पेट्रोलमध्ये बुडवतो आणि ब्रशने साफ करतो" असं उत्तर आलं तर एचएमटी तिथेच ठेवा, पण नवं घड्याळ त्या दुकानात नेऊ नका. खास घड्याळांसाठीच बनणाऱ्या मोबियसच्या तेलाचं नाव त्याने आपणहून घेतलं तर खुर्ची ओढून बसा.

मला असा माणूस मिळायला दीड वर्ष गेलं. तोही मुंबईत निघाला. रात्रीच्या गाडीने जायचं, घड्याळ हातात द्यायचं, संध्याकाळच्या गाडीने परत. पहिल्या शोधात मात्र एका दुकानदाराने मागचं झाकण योग्य चावीऐवजी कैचीच्या टोकाने फिरवलं. तो ओरखडा अजून आहे. तेव्हापासून घड्याळजीकडे गेलो की आधी त्याची हत्यारं बघतो.

इशारा: "पॉलिश करून चमकवून देतो" याला स्पष्ट नाही म्हणा आणि ते पावतीवर लिहून घ्या. सराफ्यात चमक म्हणजे किंमत, घड्याळात उलट. केसच्या, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या धातूच्या घराच्या, धारदार कडा एकदा घासून गोल झाल्या की परत येत नाहीत, आणि विकताना समोरचा आधी त्या कडाच बघतो.

टप्पा 2: मनगट मोजा, तेही मे महिन्यात

बहुतेक छोटे घड्याळकार थेट विकतात. दुकानात जाऊन हातावर घालून बघायची सोय नसते, म्हणून हा टप्पा टाळायचा नाही.

कागदाची पट्टी मनगटाभोवती गुंडाळून घेर मोजा. मग मनगटाच्या वरच्या सपाट भागाची रुंदी मोजा. हाच आकडा जास्त महत्त्वाचा. घड्याळाच्या व्यासापेक्षा पट्टा जिथे अडकतो त्या एका शिंगापासून समोरच्या शिंगापर्यंतचं अंतर, म्हणजे "लग टू लग", बघा. ते सपाट रुंदीपेक्षा जास्त असेल तर शिंगं मनगटाबाहेर लोंबतील आणि शर्टाच्या कफात अडकतील. 39 मिलिमीटरचं एक घड्याळ हाताला बसतं आणि 39 चंच दुसरं बसत नाही, त्याचं कारण हेच.

उन्हाळ्यात मनगट सुजतं. भुसावळ-जळगावकडे पारा 45 च्या पुढे जातो, तेव्हा दुपारचं माप सकाळच्या मापापेक्षा वेगळं येतं. पट्ट्याची भोकं ठरवताना दुपारचं माप धरा.

घड्याळाची सगळी मापं संकेतस्थळावर दिलेली असतात. त्या मापाचं पुठ्ठ्याचं घड्याळ कापा, जाडीइतके थर चिकटवा, जुन्या पट्ट्यात अडकवा आणि दोन दिवस हातात घाला. घरचे हसतील. माझी मुलगी त्याला "बाबांचं खाकी घड्याळ" म्हणायची. पण त्या पुठ्ठ्याने मला दोन चुकीच्या खरेद्यांपासून वाचवलं.

टप्पा 3: पूर्ण किंमत काढा

संकेतस्थळावरची किंमत ही तुमची किंमत नव्हे. आधी त्यातून परदेशातला कर वजा करा. युरोपातल्या संकेतस्थळांवरचा भाव बहुधा तिथला व्हॅट धरून असतो. जर्मनीत तो 19 टक्के, फ्रान्स आणि ब्रिटनमध्ये 20. माल भारतात येणार असेल तर हा कर साधारणपणे तुम्हाला लागत नाही. भारताचा पत्ता टाकल्यावर किंमत उतरली नाही तर ईमेल करून विचारा. उत्तर येईपर्यंत कार्ड खिशातच ठेवा.

मग आपला कर. तो तीन थरांत लागतो: मूळ सीमाशुल्क, त्या शुल्कावर 10 टक्के समाजकल्याण अधिभार, आणि या सगळ्याच्या बेरजेवर आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. शुल्क ज्या किमतीवर लागतं तिच्यात पाठवणी आणि विमाही धरला जातो. पद्धत कळावी म्हणून सीमाशुल्क 20 आणि आयजीएसटी 18 टक्के धरून हिशोब मांडतो.

जर्मनीतला व्हॅटसह भाव 1,19,000 रुपये. व्हॅट गेल्यावर 1,00,000. पाठवणी आणि विमा 5,000, म्हणजे 1,05,000. सीमाशुल्क 21,000. अधिभार 2,100. बेरीज 1,28,100, त्यावर आयजीएसटी 23,058. एकूण कर 46,158. कार्डाचा परकीय चलनाचा आकार 3 टक्के आणि त्यावर जीएसटी मिळून 3,717. घरपोच 1,54,875, शिवाय कुरिअर कंपनीचं हाताळणी शुल्क वेगळं.

लाखाचं घड्याळ दीड लाखाला पडलं. हे आधी कळलं तर निर्णय शांतपणे होतो, नंतर कळलं तर घरात भांडण होतं.

दर बजेटनुसार बदलतात. वैयक्तिक वापरासाठी आलेल्या पार्सलला कस्टमच्या यादीतलं 9804 हे वेगळं शीर्षक लागू शकतं आणि त्याचा दर घड्याळाच्या नेहमीच्या शीर्षकापेक्षा निराळा असू शकतो. शिवाय स्वित्झर्लंड ज्यात आहे त्या एफ्टा देशांबरोबरचा आपला करार 1 ऑक्टोबर 2025 पासून लागू झालाय, त्यात स्विस घड्याळांवरचं शुल्क वर्षावर्षाने उतरत जाणार आहे. पण ती सवलत माल त्या देशाचा असल्याची घोषणा बिलासोबत असेल तरच मिळते. ऑर्डर द्यायच्या आठवड्यात चालू दर बघून वरचा हिशोब पुन्हा मांडा. मागच्या वर्षी मित्राने भरलेल्या पावतीवरून अंदाज बांधू नका.

ही सगळी कटकट पहिल्या खेपेला नको असेल तर देशातलं घ्या. बेंगळुरूची बेंगलोर वॉच कंपनी आहे, जुनी नाणी डायलमध्ये बसवणारी जयपूर वॉच कंपनी आहे. बिल रुपयांत, जीएसटी त्यातच, कस्टमचा संबंध नाही, आणि दुरुस्तीसाठी बोलायला माणूस आपल्याच देशात. एक लक्षात असू द्या: 2025 पासून देशात 10 लाखांच्या वरच्या मनगटी घड्याळावर विक्रेता 1 टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच कापलेला आयकर, घेतो. तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्रात वळता करता येतो, त्यामुळे बिलावर पॅन बरोबर आहे ना, ते बघा.

तपासा: घरपोच किंमत कागदावर लिहिली का? तिच्यात पहिल्या सर्व्हिसिंगचा खर्च धरला का? साधारण चार ते सहा वर्षांत तो येणारच.

टप्पा 4: पत्रव्यवहार

या व्यवहाराचा निम्मा भाग ईमेलवर होतो. व्हॉट्सअ‍ॅपवर "हाय, प्राइस?" असं लिहून भागत नाही. दोन-चार माणसांच्या कार्यशाळेत उत्तर देणारा माणूस बहुधा घड्याळ बनवणाराच असतो. नीट पत्र लिहिलं की तो नीट उत्तर देतो.

पैसे पाठवण्याआधी या गोष्टींची लेखी उत्तरं हवीत. मशीन कोणतं, आणि त्यात तुम्ही काय बदललंय? भारतात कुणाकडे सर्व्हिसिंग चालेल, की तुमच्याकडेच पाठवावं लागेल? वॉरंटी किती, आणि स्थानिक घड्याळजीने उघडलं तर ती जाते का? आगाऊ रक्कम किती, आणि मी रद्द केलं किंवा तुम्हाला उशीर झाला तर तिचं काय? तयार होण्याचा काळ किती? पट्टा कोणत्या कातड्याचा?

आगाऊ रकमेचा प्रश्न लोक संकोचाने विचारत नाहीत. ओळखीच्या व्यापाऱ्याला कापूस देतानाही आपण वजनाची पावती घेतो, मग हजारो मैलांवरच्या माणसाला आधी पैसे देताना लाज कसली? "आगाऊ रक्कम परत मिळणार नाही" हे उत्तरही चालेल, फक्त ते आधी माहीत पाहिजे.

पट्ट्याचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण तो कस्टममध्ये पार्सल अडकवू शकतो. मगरीचं, अ‍ॅलिगेटरचं किंवा सापाचं कातडं वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या सायटीस करारात येतं आणि त्याला परवाने लागतात. परवाना नसेल तर पट्टा जप्त होऊ शकतो, सोबत घड्याळही खोळंबतं. सरळ लिहा: वासराच्या कातड्याचा किंवा कापडी पट्टा पाठवा, नाहीतर पट्ट्याविना पाठवा. पट्टा नंतर इथे करून घेता येतो.

दुसऱ्याच्या हातचं घड्याळ घेत असाल तर आणखी दोन कामं. घड्याळाचा क्रमांक घेऊन मूळ घड्याळकाराला ईमेल करा: हे तुमचंच का, चोरीची नोंद आहे का, शेवटचं सर्व्हिसिंग कधी झालं? छोटे घड्याळकार आपल्या प्रत्येक घड्याळाची नोंद ठेवतात, हा त्यांच्याकडून घेण्यातला मोठाच फायदा. दुसरं, टायमिंग मशीनवरचा फोटो मागवा. पूर्ण चावी दिल्यावर, डायल वर ठेवून, बॅलन्सचा, म्हणजे मशीनमधल्या मागे-पुढे डुलणाऱ्या चाकाचा, झोका साधारण 270 ते 310 अंश असावा. तो 220-230 दिसत असेल तर तेल सुकलंय असं समजून सर्व्हिसिंगचा खर्च किमतीतून कापा. मात्र फोटोत "लिफ्ट अँगल" (झोका मोजण्यासाठी यंत्रावर लावायचा, प्रत्येक मशीनचा ठरलेला कोन) त्या मशीनचा लावलाय ना, ते विचारा. बहुतेक यंत्रांवर 52 आपोआप आलेला असतो, आणि तो चुकीचा असेल तर झोक्याचा आकडाही चुकतो.

टप्पा 5: पैसे पाठवणे

कार्डाने घेत असाल तर आंतरराष्ट्रीय वापर चालू करा, मर्यादा वाढवा, आणि हे दोन दिवस आधी करा. ऑर्डरची खिडकी काही घड्याळकारांकडे ठरावीक दिवशी ठरावीक तास उघडी असते. त्या वेळी ओटीपी येत नाही म्हणून बँकेला फोन लावत बसलात तर घड्याळ गेलं.

बँकेतून पाठवायचे असतील तर बिल, पॅन आणि पैसे कशासाठी जाताहेत त्याचा अर्ज लागतो. तालुक्याच्या शाखेत हे काम रोजचं नसतं, फाइल परकीय चलनाच्या शाखेकडे जाते. आठवडाभर धरून चला.

इशारा: देशात कुणाकडून घेताना "दोन लाख रोख द्या, बाकीचे ट्रान्सफर" असं समोरून आलं तर थांबा. एका व्यवहारात दोन लाख किंवा जास्त रोख स्वीकारायला आयकर कायद्याची मनाई आहे. आणि रोखीचा भाग बिलावर येत नाही, म्हणजे विम्यात आणि पुढच्या विक्रीत तुमचं घड्याळ तेवढं स्वस्त झालं.

टप्पा 6: पार्सल, केवायसी आणि कस्टम

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून सावकाश वाचा.

पाठवण्याआधी घड्याळकाराला तीन गोष्टी कळवा. नाव आधारवर आहे तसंच्या तसं. "बापू पाटील" चालणार नाही, अख्खं नाव हवं. मोबाइल नंबर तोच, ज्यावर एसएमएस येतात. आणि बिलावर वस्तूचं सविस्तर वर्णन: मनगटी घड्याळ, यांत्रिक, ऑटोमॅटिक की हाताने चावीचं, केस कशाची. स्टीलचं आणि सोन्याच्या केसचं घड्याळ कस्टमच्या यादीत वेगवेगळ्या शीर्षकाखाली येतं, 9102 आणि 9101. नुसतं "वॉच" लिहिलं की अधिकाऱ्याला प्रश्न पडतो, आणि प्रश्न पडला की पार्सल बाजूला जातं.

पार्सल मुंबईत उतरलं की कुरिअर कंपनीकडून केवायसीची लिंक येते. आधार, पॅन, कधी बिलाची आणि पैसे दिल्याच्या पुराव्याची प्रत. या सगळ्यांची पीडीएफ आधीच फोनमध्ये तयार ठेवा. माझ्या पहिल्या पार्सलच्या वेळी लिंक आली तेव्हा मी यावलजवळ एका मित्राच्या केळीच्या बागेत होतो आणि नेटवर्क नव्हतं. एसएमएस दुसऱ्या दिवशी जाहिरातींच्या गर्दीत सापडला. तोवर कुरिअरने "ग्राहक प्रतिसाद देत नाही" असा शेरा मारला होता, आणि पार्सल ठेवून घेतल्याचे दिवसाचे पैसे लागले. चूक निम्मी माझीच. आता ट्रॅकिंगवर विमान भारतात आलं असं दिसलं की मी दिवसातून दोनदा एसएमएस आणि ईमेलचा स्पॅम बघतो.

दोन सल्ले लोक हमखास देतात आणि दोन्ही वाईट. पहिला: "बिल कमी दाखवायला सांग." कस्टमचा अधिकारी घड्याळाचं नाव गुगलवर टाकतो आणि खरा भाव अर्ध्या मिनिटात त्याच्यासमोर असतो. दंड होऊ शकतो, माल जप्त होऊ शकतो. आणि वाटेत पार्सल हरवलं तर विमा बिलावरच्या कमी रकमेचाच मिळतो. दुसरा: "गिफ्ट लिहायला सांग." पोस्टाने-कुरिअरने येणाऱ्या भेटवस्तूंची ती करसवलत 2019 मध्येच गेली. राखी आणि जीवनरक्षक औषधं एवढीच त्यात उरली. गिफ्ट लिहून कर तर वाचत नाहीच, वरून बिलाशी मेळ बसत नाही.

विम्याबद्दल स्वतंत्र विचारा. कुरिअरची स्वतःची जबाबदारी बहुधा वजनावर ठरते, आणि घड्याळाचं वजन ते काय! पूर्ण किमतीचा विमा पाठवणाऱ्याने वेगळा घेतलाय याचा कागद मागा.

पत्ता घरचा की मुंबई-पुण्याच्या नातेवाइकाचा? लोकांना वाटतं मुंबईचा पत्ता दिला की कस्टम लवकर सुटतं. सुटका कागदांवर होते, पत्त्यावर नाही. माझा अनुभव असा की आपलाच पत्ता द्यावा, म्हणजे नाव, केवायसी आणि पत्ता तिन्ही जुळतात. फक्त दुपारी घरी कुणीतरी शहाणं माणूस असेल एवढं बघा. शेजारच्या किराणा दुकानात ठेवून जाण्याची ही वस्तू नाही.

परदेशातून येणाऱ्या भाच्याच्या हातावर घालून आणायचा विचार असेल तर बिल त्याच्याजवळ द्या आणि विमानतळावर लाल मार्गाने जाऊन जाहीर करायला सांगा. नव्या घड्याळाला जुनं म्हणवून घ्यायला त्याला शिकवू नका. पकडला जाईल तो, तुम्ही नाही.

तपासा: शुल्क भरल्याची पावती आणि बिल ऑफ एंट्रीची (आयातीच्या कस्टममधल्या नोंदीची) प्रत कुरिअरकडून मागून घेतली का? आपणहून ती क्वचितच येते. पुढे लागणार आहे.

टप्पा 7: पेटी उघडणं आणि पहिला आठवडा

पेटी बंद असल्यापासून व्हिडिओ चालू ठेवा. सील, लेबल, मग आतली पेटी, मग घड्याळ, मागच्या झाकणावरचा क्रमांक आणि कार्डावरचा क्रमांक, सगळं एकाच चित्रणात, मध्ये न थांबता.

पेटी उन्हात तापलेल्या गाडीतून आलेली असते. अर्धा-एक तास घरातल्या तापमानाला येऊ द्या. मग चावी द्या. हाताने चावी देण्याचं असेल तर सावकाश, अडल्यासारखं वाटलं की थांबा. ऑटोमॅटिकला पंचवीस-तीस फेरे पुरतात, बाकीचं हाताच्या हालचालीने भरतं. काटे पुढच्या दिशेनेच फिरवा.

तारखेचं घड्याळ असेल तर रात्री 9 ते पहाटे 3 या वेळेत तारीख हाताने बदलू नका. त्या काळात आतलं चाक तारखेच्या दातात गुंतलेलं असतं, बळ लावलं की दात तुटतो. घड्याळ बंद होतं आणि काटे दिवस दाखवताहेत की रात्र हे कळत नाही, तेव्हा काटे फिरवून तारीख कधी उलटते ते बघा, मग काटे 6 वर आणा आणि तारीख लावा. नवशिक्यांची सगळ्यात महागडी चूक ही, आणि ती वॉरंटीत बसत नाही.

पुढचे सात दिवस रोज ठरावीक वेळी फोनच्या घड्याळाशी ताडा आणि फरक वहीत लिहा. स्वित्झर्लंडच्या सीओएससी या अचूकतेच्या प्रमाणपत्राची मर्यादा दिवसाला उणे 4 ते अधिक 6 सेकंदांची आहे. प्रमाणपत्र नसलेलं साधं मशीन दहा-पंधरा सेकंद पुढे गेलं तर घाबरू नका. रात्री डायल वर ठेवून, दुसऱ्या रात्री चावी, म्हणजे बाजूचं फिरवायचं बटण, वर ठेवून बघा. एका स्थितीत पुढे जातं, दुसरीत मागे येतं. आपल्या झोपेच्या तासांत ते कसं ठेवायचं हे यावरून ठरवता येतं. एखाद्या दिवशी अचानक मिनिटभर पुढे पळू लागलं तर बहुधा चुंबक लागलंय.

टप्पा 8: खान्देशातला वापर

डॅशबोर्डवर ठेवायचं नाही. मे महिन्यात बंद गाडीत तेल आणि पाणी रोखणाऱ्या रबरी कड्या, दोन्हींची वाट लागते. कातडी पट्टा घामाने दोन उन्हाळ्यांत कुजतो, म्हणून मार्च ते जून कापडी किंवा रबरी पट्टा लावा.

जिनिंगमध्ये, मळणीजवळ, फवारणी करताना घड्याळ घरी. कापसाची बारीक तूस चावीच्या खाचेत बसते. चावी बाहेर ओढली की ती आत जायला मोकळी. मोटारसायकलवरून खडकाळ रस्त्याने जाताना बसणारे हादरे आधुनिक मशीन बऱ्यापैकी सोसतं, पण ट्रॅक्टरवर तासन्‌तास नको.

चुंबकाची जागा लोकांना कळत नाही. फोनच्या पाकिटाचं चुंबकी झाकण, इंडक्शन शेगडी, स्पीकर. हळदीच्या डीजेसमोर नाचून आलेलं एक घड्याळ माझ्याकडे आलं होतं, दिवसाला चार मिनिटं पुढे. घड्याळजीकडे चुंबक काढायचं छोटं यंत्र असतं, दोन मिनिटांचं काम. ते केल्याशिवाय कुणाला मशीन उघडू देऊ नका.

30 मीटर लिहिलेलं घड्याळ हात धुण्यापुरतं. तापीत पोहायला ते नाही, अंघोळीलाही नाही. जुलै-ऑगस्टमध्ये दमट हवेतून एकदम एसीत गेल्यावर काचेच्या आतून वाफ धरली तर समजा हवा आत जातेय. चावी ओढून "सुकवू" नका, त्याच आठवड्यात घड्याळजीकडे न्या. आत गंज धरायला फार दिवस लागत नाहीत.

टप्पा 9: वही, लॉकर आणि परदेशवारी

प्रत्येक घड्याळाला वहीत एक पान. खरेदीची तारीख, क्रमांक, मशीन, बिल, शुल्काची पावती, घड्याळकाराचे ईमेल छापून, सर्व्हिसिंगच्या तारखा. दुसरं घड्याळ घेण्याआधी हे पान उघडून बघा: गेल्या वर्षात पहिलं किती दिवस हातावर होतं? पन्नासपेक्षा कमी दिवस असतील तर दुसरं इतक्यात घेऊ नका.

लॉकर असेल तर एक गोष्ट माहीत हवी. रिझर्व्ह बँकेच्या 2022 पासूनच्या नियमांनुसार आग, चोरी किंवा कर्मचाऱ्याच्या फसवणुकीत बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंतच आहे. भाडं 3,000 असेल तर 3 लाख, आत सोनं आणि घड्याळं कितीचीही असोत. म्हणून घरच्या विम्यात घड्याळ क्रमांकासह, बिलासह वेगळं लिहून घ्या. लॉकरमध्ये ठेवताना डायल वर, सोबत सिलिका जेलची पुडी. ती पावसाळ्यानंतर बदला. घड्याळ तिथे चालू राहायची गरज नाही. अधूनमधून बाहेर काढून चावी दिली म्हणजे झालं.

दुरुस्तीला परदेशी पाठवायचं झालं तर कुरिअरच्या कागदावर "दुरुस्तीसाठी, परत येणार" असं क्रमांकासह नोंदवून निर्यातीचे कागद करून घ्या. असं घड्याळ मुदतीत परत आलं की शुल्क दुरुस्तीचा खर्च आणि जाण्या-येण्याचं भाडं-विमा यांवरच मोजण्याची तरतूद आहे. कागद नसतील तर परतणारं घड्याळ कस्टमच्या लेखी नवंच, आणि टप्पा 3 मधला सगळा हिशोब पुन्हा पहिल्यापासून. स्वतः परदेशी जाताना महागडं घड्याळ हातात असेल, तर निघताना विमानतळावरच्या कस्टमकडून निर्यात प्रमाणपत्र घेता येतं. त्याला घड्याळ, बिल आणि शुल्काची पावती दाखवावी लागते, तेव्हा विमानाच्या वेळेआधी तासभर जास्तीचा काढा.